फोटोची मागची बाजू

पलटणीतून घरी आलेल्या काळ्या पत्र्याच्या ट्रंका सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गात आणि माणगाव-महाडच्या खोऱ्यांत अजून कितीतरी घरांत आहेत. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा लिहिलेला. आत पदके, डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद आणि जुन्या रुमालात बांधलेले फोटो. जुने घर पाडून नवे बांधायला काढले की ही ट्रंक अंगणात येते आणि तिचे काय करायचे, असा प्रश्न पडतो. कोणी पदके काढून घेतो, कोणी आजोबांचा एक मोठा फोटो निवडतो, बाकीचे बोचक्यात जाते. तसे होण्याआधी हा लेख वाचावा.

फोटो हातात आला की आपण चेहरा पाहतो आणि खाली ठेवतो. तो उलटा करायला हवा. युद्धावर किंवा सरहद्दीवर असलेल्या माणसाने घरी धाडलेल्या फोटोच्या मागे बहुतेकदा दोन-चार ओळी असतात: कोणास पाठवला, कधी काढला, शेजारी कोण उभे आहे, आणि धाकट्याला दाखवावा. फोटोतला माणूस कसा दिसत होता हे पुढची बाजू सांगते. त्या दिवशी त्याच्या मनात घरातले कोण होते, हे मागची बाजू सांगते. म्हणून या कामात मागच्या बाजूलाही पुढच्याइतकाच मान द्यायचा.

कामाचा क्रमही आधी ठरवून घ्यावा. बहुतेक जण अल्बम विकत आणण्यापासून सुरुवात करतात. सुरुवात माणसांपासून करावी, नकला त्यानंतर आणि डबे-पाकिटे शेवटी. कागद अजून दहा वर्षे टिकेल. तो वाचून दाखवणारी आत्या टिकेलच असे नाही.

आधी विचारा

फोटोची माहिती असणारी व्यक्ती बहुधा घरातली वयस्कर बाई असते: त्या जवानाची पत्नी, धाकटी बहीण, भावजय. पुरुषमंडळींना पलटण आणि हुद्दा आठवतो. फोटो कोणत्या सणाला आला, तो कोणी वाचून दाखवला, त्या महिन्याची मनीऑर्डर किती दिवस लांबली, हे बायकांना आठवते. त्यांच्याकडे मूळ फोटो आणि त्याची मोठी केलेली छापील प्रत, दोन्ही घेऊन जा. मूळ फोटो तीन इंचांचा असतो आणि थकलेल्या डोळ्यांना त्यात काही दिसत नाही. दिवसाउजेडी, ओसरीवर बसा. मोबाइलवर आवाज मुद्रित करायला परवानगी मागा आणि तो बाजूला ठेवून द्या.

‘हा कोण, तो कोण’ अशी उलटतपासणी नको. फोटो हातात द्या आणि गप्प राहा. मग विचारा: हा आला तेव्हा तुम्ही कुठे राहत होता? टपाल कोण आणायचे? वाचून कोण दाखवायचे? वाचायला पोस्टमन, शाळेचे गुरुजी किंवा शेजारचा चौथी शिकलेला पोरगा असायचा, आणि घरच्या बाईला नवऱ्याचा मजकूर चारचौघांत ऐकावा लागायचा. म्हणूनच मजकूर इतका आखडता असतो. नवरा वडिलांना किंवा थोरल्या भावाला लिहितो आणि बायकोची चौकशी ‘घरची मंडळी’ एवढ्या दोन शब्दांत उरकतो. हे ठाऊक नसेल, तर नातवंडांना वाटते की आजोबांनी आजीचे नावसुद्धा काढले नाही.

नावे लिहून घेताना ‘माझी आत्या’, ‘थोरला काका’ एवढ्यावर थांबू नका. कोणाची आत्या, हे वीस वर्षांनी कोणालाच कळणार नाही. पूर्ण नाव, बायकांचे माहेरचे नाव आणि माहेरचे गाव लिहा. जुन्या फोटोंच्या मागे बायका ‘सौ.’ एवढ्याच उरलेल्या असतात. त्यांना नाव परत देण्याची हीच वेळ आहे. काही दिवसांनी पुन्हा एकदा जा. पहिल्या भेटीत न आठवलेले दुसऱ्या भेटीत आपसूक निघते.

मजकूर वाचताना

सर्वांत आधी, ओला हात किंवा ओले फडके फोटोच्या पाठीला लावू नका. जुन्या काळी सैन्यात आणि कचेऱ्यांत कॉपिंग पेन्सिल सर्रास वापरत. ती दिसते साध्या शिसपेन्सिलीसारखी, पण पाण्याचा थेंब लागला की जांभळी होऊन पसरते. काही फोटोंवर मधलाच एखादा शब्द जांभळा दिसतो, तो याच कारणाने. पेनाची शाईही पाण्याने फुटते.

अक्षर पुसट असेल तर खोली अंधारी करा आणि टॉर्च अगदी बाजूने, कागदाला जवळजवळ चिकटवून धरा. पेन्सिलीने दाबून लिहिलेल्या अक्षरांचे खळगे सावलीत दिसू लागतात. जुनी निळी-काळी शाई काळाने तपकिरी, फिकट होते. नोटा तपासायच्या जांभळ्या उजेडाच्या टॉर्चखाली ती पुन्हा गडद दिसते. काही सेकंदच उजेड टाका, तेवढ्यात मोबाइलने टिपून घ्या आणि विझवा. संगणकावर रंगीत स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग वेगळे करता येतात. पिवळट कागदावरची तपकिरी शाई निळ्या भागात सर्वांत ठळक उठते.

त्या जांभळ्या टॉर्चचा आणखी एक उपयोग आहे. फोटोच्या कागदात चकाकी आणणारी द्रव्ये १९५०च्या दशकाच्या मध्यापासून घालू लागले. फोटो टॉर्चखाली झगझगीत निळसर पांढरा उजळला, तर तो कागद त्यानंतरचा. घरात ‘महायुद्धात बसऱ्याहून आलेला’ म्हणून ठेवलेला फोटो असा उजळला, तर ती नंतर काढलेली प्रत आहे, आणि मूळ फोटो दुसऱ्या एखाद्या भावाच्या घरी असू शकतो. शोधा. मजकूर त्या मुळावरच असेल.

लिपीने गोंधळून जाऊ नका. पहिल्या महायुद्धातला मजकूर मोडीत असू शकतो. १९५०च्या सुमारापर्यंत मोडी शाळेत शिकवली जात होती, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातल्या वयस्कर सुभेदाराचीही सही मोडीत सापडते. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ अशा ठिकाणी मोडी वाचणारे भेटतात, आणि राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्गही चालतात. दुसरी शक्यता म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेली हिंदुस्तानी. इंग्रजांच्या काळात पलटणीत रोमन लिपीतली उर्दू शिकवत. रोमन अक्षरे पाहून ‘इंग्रजी आहे, कळत नाही’ म्हणून सोडू नका. मोठ्याने वाचा, अर्थ लागेल.

आणि अक्षर त्या जवानाचेच आहे, असे धरून चालू नका. पहिल्या महायुद्धात गेलेल्या पुष्कळ शिपायांना लिहिता येत नव्हते. पलटणीतला लिहिणारा साथीदार सर्वांची पत्रे लिहून द्यायचा. एकाच हस्ताक्षरातले फोटो गावातल्या दोन वेगळ्या घरांत सापडले, तर दोघेही एकाच तुकडीत होते असे मानायला जागा आहे. मजकूर एका हाताचा आणि खालची सही वेडीवाकडी असेल, तर ती सही मात्र त्याची स्वतःची. तिचा वेगळा जवळून फोटो घ्या.

तारीख नसली तरी मायना पुष्कळ सांगून जातो. आईला ‘ती. सौ.’ लिहिले असेल, तर तेव्हा वडील हयात होते. ‘गं. भा.’ असेल, तर गेलेले होते. बहिणीला ‘सौ.’ म्हटले असेल, तर तिचे लग्न झालेले होते. ‘चि.’ लावून मुलाचे नाव आले असेल, तर मूल जन्मले होते आणि बारसेही झाले होते. घरातल्या जन्म-लग्न-मृत्यूंच्या तारखा शेजारी मांडल्या की फोटो दोन-तीन वर्षांच्या पट्ट्यात येऊन बसतो. शके दिले असेल तर त्यात ७८ मिळवा: श्रावण शके १८६६ म्हणजे १९४४. जानेवारी ते चैत्र पाडवा या काळातली तिथी असेल तर मात्र ७९ मिळवायचे. माघ शके १८६६ हा १९४५ सालात पडतो. ही चूक फार होते आणि मग माणूस ज्या देशात नव्हताच, तिथे त्याला नेऊन बसवले जाते.

शिक्के, पितळी अक्षरे आणि मागचा मनोरा

युद्धकाळात जवानाला ठिकाण लिहायची मुभा नव्हती, टपाल सेन्सॉर होत असे. त्यामुळे गाव मजकुरात सापडत नाही, इतरत्र शोधावे लागते. स्टुडिओचा शिक्का किंवा उठावाचा ठसा फोटोच्या कोपऱ्यात पाहा. पोस्टकार्डाच्या कागदावर काढलेल्या फोटोमागे छापील ओळ असते. ती ‘कार्तोलिना पोस्ताले’ असेल तर कार्ड इटालियन, ‘कार्त पोस्ताल’ असेल तर फ्रेंच. फोटोत माणसाच्या पाठीमागे पिसाचा झुकता मनोरा असेल, तर फोटो सप्टेंबर १९४४ नंतरचा, कारण ते शहर तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या हाती आले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन इटलीत लढल्या. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी, तर शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी गाजवलेल्या शौर्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच देशातल्या लढायांत. घाडगे त्या दिवशीच पडले. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीतल्या मोन्तोने या गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाचे छायाघड्याळ उभारले. त्या मुलखातून आलेला प्रत्येक फोटो दोन देशांचा कागद आहे, हे लक्षात ठेवून हाताळा.

घरात ‘आजोबा कैदेत होते’ असे सांगत असतील, तर उत्तर आफ्रिकेतल्या तोब्रुकची चौकशी करा. जून १९४२ मध्ये ते शहर शत्रूच्या हाती पडले तेव्हा मराठ्यांची दुसरी बटालियन तिथे होती. रेडक्रॉसमार्फत आलेली युद्धकैद्यांची कार्डे दिसायला साधी असतात आणि म्हणूनच रद्दीत जातात.

पलटणीचा नंबर हा उत्तम दुवा आहे. ‘१०३’, ‘११०’, ‘११७’ अशा आकड्यांची मराठा पलटण म्हणजे १९२२च्या आधीची. त्या वर्षी फेररचना होऊन सगळ्या एका रेजिमेंटच्या बटालियन झाल्या आणि केंद्र बेळगावला आले. खांद्यावरच्या पितळी बिल्ल्यात ‘१११’ दिसले तर तो फोटो जिवापाड जपा. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी. मधल्या काळात सैन्याची दारे बंद झालेल्या या घराण्यांकडे कागद फार थोडे उरले आहेत.

हुद्दाही काळ सांगतो. ‘जमादार’ हे नाव १९६५ मध्ये जाऊन ‘नायब सुभेदार’ आले. टोपीच्या बिल्ल्यावर मुकुट असेल तर फोटो जानेवारी १९५०च्या आधीचा, त्यानंतर तिथे अशोकस्तंभाचे सिंह आले. पाकिटावर ‘५६ ए.पी.ओ.’ असेल तर काळ स्वातंत्र्यानंतरचा. गावोगावच्या पोस्टमनला तोंडपाठ असलेला हा पत्ता ठिकाण सांगत नाही, पण पाकिटावरच्या शिक्क्यातला फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक सांगू शकतो. टपालाच्या अभ्यासकांनी या क्रमांकांच्या याद्या केलेल्या आहेत. म्हणून पाकिटावरचे तिकीट मुलांना कापून देऊ नका. तिकिटाची किंमत किरकोळ असते, त्याच्यासोबत शिक्का कापला गेला की ठिकाण कायमचे हरवते. फोटो ज्या पाकिटातून आला त्याच पाकिटासोबत राहू द्या.

नक्कल

जमल्यास फ्लॅटबेड स्कॅनर वापरा. छोट्या फोटोला ६०० डीपीआय ठेवा, आणि स्कॅनरची आपोआप होणारी रंगसुधारणा बंद करा. कडा, पांढरी किनार, कोपऱ्यातला फाटका तुकडा, सगळे येऊ द्या. प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, ती कोरी असली तरी. फाइलला नाव देताना दोन्ही बाजूंचा क्रमांक एकच ठेवून शेवटी ‘पुढे’ किंवा ‘मागे’ एवढे लिहा. मूळ फाइल टिफ प्रकारात राखून ठेवा, वाटायला जेपेग करा. मोबाइलनेच टिपायचे असेल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद, फोन फोटोला समांतर. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर मागच्या बाजूचे बारीक अक्षर वाचण्याजोगे राहत नाही. फाइलींच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात, एवढी काळजी पुरे.

जुना फोटो ‘जिवंत’ करणारी, रंग भरणारी ॲप्स सध्या फार चालतात. माझा त्यांना विरोध आहे. ती चेहरा साफ करत नाहीत, नवा चेहरा रचतात. पुसट झालेल्या डोळ्यांच्या जागी कोणाचेही डोळे बसतात आणि पदकांच्या फितीला मनाला येईल तो रंग मिळतो. पुढच्या पिढीला तोच आजोबा वाटू लागतो. ज्या बाईने त्या माणसाला पाहिले आहे, तिला असा फोटो दाखवा. ती काय म्हणते ते ऐका. तसा फोटो केलाच तर त्या फाइलच्या नावातच ‘रंगवलेला’ असे लिहा आणि मूळ स्कॅन वेगळा ठेवा.

जपणूक

आपल्याकडे फोटोचे सर्वांत मोठे नुकसान भक्तीने होते. कै. आजोबांचा फोटो देवघराशेजारी लागतो, काचेवर कुंकू, वर हार, समोर उदबत्ती आणि समई. धुराची काजळी फटीतून आत जाते, हाराचे पाणी चौकटीत झिरपते. भिंतीवर चांगली छापलेली प्रत लावा, तिला हार घाला आणि मूळ फोटो खाली घ्या. चौकटीतला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, पाणी मारू नका. काचेवरूनच स्कॅन करा आणि तसाच ठेवा. तो सोडवणे हे जाणकार संवर्धकाचे काम आहे.

चिकट पानांवर प्लास्टिक ओढायचे जुने अल्बम घातक असतात. त्यातला गोंद फोटोची पाठ खातो आणि मजकूर घेऊन निघतो. फोटो सहज निघत असेल तरच काढा, नाहीतर पानासकट स्कॅन करा. काळ्या पानांचे, कोपरे लावलेले जुने अल्बम मात्र मोडू नका. त्यातला क्रम कोणीतरी विचाराने लावलेला असतो. सेलोटेप, लॅमिनेशन, फेविकॉल, स्टेपलर हे चारही वर्ज्य. पाठीवर नवी माहिती लिहायची तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने, आणि जुन्या मजकुरापासून वेगळी कळेल अशी. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूवर उठतो. प्लास्टिकसारख्या गुळगुळीत पाठीवर, म्हणजे साधारण १९७० नंतरच्या फोटोंवर, पेन्सिल उमटत नाही. तिथे पाकिटावर लिहा.

साठवणीला आम्लविरहित कागदाची पाकिटे उत्तम. न मिळाली तर प्रिंटरचा साधा पांढरा कागद घडी घालून प्रत्येक फोटोला वेगळा द्या. प्लास्टिक हवेच असेल तर पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन, वास येणारे पीव्हीसी नको. डांबरगोळ्या फोटोंच्या डब्यात टाकू नका. माळा, स्वयंपाकघराजवळचे कपाट आणि पावसाची भिंत टाळा. कोकणात आणि घाटमाथ्यावर श्रावण संपल्यावर एका कोरड्या दिवशी डबा उघडून पाहा. सावलीत, पंख्याखाली हवा द्या, उन्हात ठेवू नका. बुरशी दिसली तर तो फोटो वेगळा करा आणि पुसायच्या फंदात न पडता कोरड्या जागी राहू द्या. ओली बुरशी पुसली तर प्रतिमाच निघून येते.

ट्रंक गंजली असेल तर फोटो तीत ठेवू नका, पण तिच्या झाकणाचा फोटो अवश्य घ्या. त्यावरचा नंबर पुढच्या चौकशीला लागतो. तोच नंबर पदकाच्या कडेवर कोरलेला सापडेल. भारतीय सैनिकांना दिलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांवरही नंबर, नाव आणि पलटण असते. पदक घासून लखलखीत करू नका, अक्षरे झिजतात.

हा नंबर घेऊन त्या त्या शाखेच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिता येते: मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, तोफखान्यासाठी नाशिक रोड. पत्र कसे लिहावे हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. माणूस युद्धात गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधा. पहिल्या महायुद्धासाठी ती ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे आणि दुसऱ्यासाठी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू धरते. नावाचे इंग्रजी स्पेलिंग कारकुनाने कानाला आले तसे केलेले असते, म्हणून नंबराने शोधा, नाहीतर गावाच्या किंवा वडिलांच्या नावाने. मिळालेला उतारा छापून फोटोच्याच पाकिटात घाला.

वाटणीचा प्रश्न येतोच. फोटो भावाभावांत वाटून घेऊ नका. एका पाकिटातले चार फोटो चार गावांना गेले की कोणालाच काही कळेनासे होते. मूळ संच एका घरात राहावा, सगळ्यांना दोन्ही बाजूंच्या छापील प्रती मिळाव्यात, आणि संच कोणाकडे आहे हे प्रत्येक प्रतीवर लिहिलेले असावे. रेजिमेंटच्या संग्रहालयाला किंवा एखाद्या अभ्यासकाला द्यायचे असेल तर आधी प्रती द्या. अलीकडच्या सेवेतले फोटो असतील तर तुकडी, चौकी, शस्त्रे दिसणारे काहीही समाजमाध्यमावर टाकू नका.

आणि पत्नी हयात असेल, तर तिच्यासाठी लिहिलेल्या ओळींची नक्कल करण्याआधी तिला विचारा. त्या ओळी एकदा तिला परक्याच्या तोंडून, सासू-सासऱ्यांसमोर ऐकाव्या लागल्या होत्या. पुन्हा सगळ्या गोतावळ्यात फिरवायच्या की नाही, हे तिने ठरवावे. ती नको म्हणाली तर त्या फोटोची फक्त पुढची बाजू संचात घाला, मागच्या बाजूची फाइल करू नका आणि मूळ फोटो तिच्याकडेच राहू द्या.